स्वनातीत विमान आणि खालचे गाव

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त चिंचवड येथे कामगार व तंत्रविद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाची संहिता)



आपण मला विज्ञान दिनाच्या निमित्ताने येथे बोलावले याबद्दल मी आपला आभारी आहे. मी कला शाखेचा पदवीधर आहे. शासनाच्या माहिती खात्यात काम करताना शास्त्रज्ञांचे बोलणे सामान्य नागरिकांपर्यंत आणि नागरिकांचे म्हणणे अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवणे, एवढाच माझा अधिकार. म्हणून आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. आवाजापेक्षा अधिक वेगाने उडणारी, परंतु जमिनीवर गडगडाट न करणारी प्रवासी विमाने कशी तयार होत आहेत, हा तो विषय. जेथे मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात त्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला माझ्या काकांविषयी थोडे सांगू द्या.

माझे काका खेड तालुक्यातील एका लहान गावातून भोसरीला आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढील वर्षांत या माळरानावर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. काका या वाढीचे साक्षीदार होते. एका कारखान्यात फोर्जिंगच्या हॅमरपाशी त्यांनी जवळजवळ तीस वर्षे काढली. भोंगा झाला की पाळीवर जायचे आणि तापलेल्या पोलादावर पडणाऱ्या घणाच्या सोबतीने आठ तास उभे राहायचे. कानात घालायला बोळे मिळत, पण ते नेहमी मिळतच असे नाही आणि मिळाले तरी ते घालणे त्या काळी नाजूकपणाचे लक्षण मानले जाई.

निवृत्तीनंतर ते कार्तिकी वारीला आळंदीला गेले. परत आल्यावर त्यांनी मला जे सांगितले ते मी विसरलो नाही. ते म्हणाले, "अरे, मृदंग ऐकू येतो, पण टाळ नुसते दिसतात." सततच्या मोठ्या आवाजाने प्रथम उंच पट्टीचे ऐकू येणे जाते, ही गोष्ट मला नंतर एका डॉक्टरांकडून कळली. टाळाचा नाद उंच पट्टीचा, मृदंगाची थाप खालच्या पट्टीची. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत झाला. परंतु काकांना तो रोग आहे हे कोणी कोणाला कळवले नाही.

ही तक्रार मी आज मांडत नाही. आवाज करणारा एक आणि तो सोसणारा दुसरा, अशी जेव्हा वाटणी होते तेव्हा सोसणाऱ्याला कोणी विचारत नाही, एवढेच मला यातून सुचवायचे आहे. स्वनातीत विमानाची साठ वर्षांची कहाणी हीच आहे.

गर्जना होते कशी?

संथ पाण्यातून होडी हळू चालली तर तिच्या पुढे लहान लाटा पसरतात आणि पाणी बाजूला सरकते. हीच होडी लाटांपेक्षा वेगाने जाऊ लागली, तर लाटांना तिच्या पुढे पळता येत नाही. त्या एकमेकींवर साचतात आणि होडीच्या नाकापासून दोन्ही बाजूंना पाचरीच्या आकाराची मोठी लाट मागे ओढली जाते. काठावर बसलेल्या माणसाला होडी पुढे गेल्यावर ती लाट येऊन धडकते.

हवेतही असेच घडते. समुद्रसपाटीला साधारण हवामानात आवाजाचा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो. अकरा किलोमीटर उंचीवर हवा अतिशय थंड असते, तेथे तो ताशी सुमारे १,०६० किलोमीटरपर्यंत उतरतो. विमानाचा वेग आवाजाच्या वेगाच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला शास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांच्या नावावरून माख अंक म्हणतात. माख १ ओलांडला की विमान स्वनातीत झाले. मग त्याने दाबलेली हवा आगाऊ सूचना देऊन बाजूला होऊ शकत नाही. विमानाचे नाक, पंख, इंजिनाचे तोंड, शेपूट अशा प्रत्येक ठिकाणी दाब एकाएकी चढतो. यांना आघात तरंग म्हणतात. जमिनीकडे येताना हे तरंग एकमेकांत मिसळतात आणि अखेर दोनच प्रबळ तरंग उरतात, एक नाकाचा व एक शेपटाचा. म्हणूनच खाली धाड-धाड असा जोडआवाज ऐकू येतो.

आपल्याला हा आवाज अगदी अनोळखी नाही. कडकलक्ष्मीचा पोतराज दारात येऊन आसूड ओढतो, तेव्हा जो कडाका उडतो तो आसुडाच्या टोकाने आवाजाचा वेग ओलांडल्यामुळे. गावच्या अंगणात माणसाच्या हाताने घडणारा हा स्वनातीत स्फोटच होय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमान आवाजाची मर्यादा ओलांडते त्या एका क्षणीच स्फोट होतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. विमान जोवर स्वनातीत वेगात आहे तोवर ती पाचर त्याच्यामागे सतत ओढली जाते आणि ज्या ज्या गावावरून ती सरकते त्या त्या गावाला धक्का बसतो. सोळा-सतरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाखाली या धक्क्याचा पट्टा सुमारे ८० ते ९० किलोमीटर रुंद असतो. वैमानिकाला मात्र त्यातले काही ऐकू येत नाही. आवाज करणारा पुढे गेलेला असतो, सोसणारा मागे राहतो.

धक्क्याचा जोर किती? कॉंकॉर्ड विमानाखाली जमिनीवर दाबात होणारी वाढ वातावरणाच्या नेहमीच्या दाबाच्या एक हजारांशाहूनही कमी होती. आकडा लहान दिसतो. परंतु ही वाढ सेकंदाच्या काही सहस्रांश भागात होते आणि कान दचकतो तो या एकाएकीपणाला. दाब सावकाश चढला असता तर कोणाचे लक्षही गेले नसते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढील सारी युक्ती यावरच उभी आहे.

२० मे २०२० रोजी बंगळूरमध्ये दुपारी असाच मोठा आवाज झाला आणि टाळेबंदीच्या शांततेत सारे शहर हादरले. भूकंप, स्फोट, नाना तर्क झाले. सायंकाळी संरक्षण खात्याने खुलासा केला की, हवाई दलाचे एक विमान चाचणीसाठी शहराबाहेरच्या ठरलेल्या हद्दीत उडत होते व ३६ ते ४० हजार फूट उंचीवर त्याचा वेग आवाजाच्या वेगाखाली येत असताना हा आवाज झाला असावा. असा आवाज ६५ ते ८० किलोमीटर अंतरावरही ऐकू येतो, असेही त्या खुलाशात म्हटले होते. लोहगावच्या हवाई तळाशेजारी राहणाऱ्या आपल्याला लढाऊ विमानांचा आवाज परिचित आहे. देशाच्या संरक्षणासाठी तो आपण सोसतो. प्रवासी विमानाची गोष्ट वेगळी. तेथे थोड्यांच्या सोयीसाठी पुष्कळांनी सोसावे काय, हा प्रश्न उभा राहतो.

कॉंकॉर्डचा धडा

हा प्रश्न प्रथम अमेरिकेत कसोटीला लागला. १९६४ साली फेब्रुवारी ते जुलै या सहा महिन्यांत ओक्लाहोमा सिटी या शहरावरून लढाऊ विमाने मुद्दाम स्वनातीत वेगाने नेण्यात आली. एकूण १,२५३ गर्जना झाल्या, दिवसाला आठपर्यंत. खिडक्या फुटल्याच्या, गिलाव्याला तडे गेल्याच्या हजारो तक्रारी आल्या. शेवटी केलेल्या पाहणीत चतुर्थांशाहून अधिक लोकांनी आपल्याला याची सवय होणे शक्य नाही असे सांगितले. बहुसंख्य लोक निभावून नेऊ म्हणाले, ही गोष्ट खरी. पण चारांतील एका घराची झोप मोडून विमानसेवा चालवता येत नाही. १९७१ साली अमेरिकेने आपल्या स्वनातीत प्रवासी विमानाचा प्रकल्प सोडला आणि १९७३ साली आपल्या भूमीवरून नागरी विमानांच्या स्वनातीत उड्डाणाला बंदी घातली.

युरोपात ब्रिटन व फ्रान्स यांनी मिळून केलेले कॉंकॉर्ड विमान २ मार्च १९६९ रोजी प्रथम उडाले आणि २१ जानेवारी १९७६ पासून प्रवासी नेऊ लागले. आवाजाच्या दुप्पट वेगाने ते लंडनहून न्यूयॉर्कला साडेतीन तासांच्या आसपास पोहोचे. सोव्हिएत रशियाचे तुपोलेव्ह-१४४ त्याआधी, ३१ डिसेंबर १९६८ रोजी उडाले होते. १ नोव्हेंबर १९७७ पासून ते मॉस्को ते अल्मा-आता या भूमार्गावर प्रवासी नेऊ लागले, पण ५५ फेऱ्यांनंतर १९७८ मध्ये ती सेवा थांबली.

या कथेत आपलाही देश आहे आणि आपली मुंबईही. जे. आर. डी. टाटा यांच्या कारकिर्दीत एअर इंडियाने दोन कॉंकॉर्डसाठी आपला हक्क राखून ठेवला होता. ज्यांच्या उद्योगसमूहातील टेल्कोने पुढे पिंपरीचा कायापालट केला, तेच हे टाटा. विमाने मात्र घेतली गेली नाहीत. इंधनाचे भाव भडकले, समुद्रावरूनच वेगाने उडायचे तर मार्ग थोडेच उरले, आणि जगातील बहुतेक विमान कंपन्यांप्रमाणे एअर इंडियानेही तो नाद सोडला.

डिसेंबर १९७७ मध्ये लंडन-बहरीन-सिंगापूर अशी कॉंकॉर्ड सेवा सुरू झाली. बहरीन ते सिंगापूर म्हटले की नकाशावर मध्ये भारताचे द्वीपकल्प आडवे येते. तीनच फेऱ्यांनंतर मलेशियाने आवाजाविषयी आक्षेप घेतला. १९७९ मध्ये नवा मार्ग आखून सेवा पुन्हा चालू झाली, परंतु भारताशी मतभेद होऊन आपल्या हद्दीत स्वनातीत वेगाने उडण्याची मुभा विमानाला मिळाली नाही. वेग नाही तर कॉंकॉर्डचा उपयोग काय? १९८० मध्ये ती सेवा बंद झाली. कॉंकॉर्ड पुढे मुख्यतः अटलांटिक महासागरावरूनच उडत राहिले. जुलै २००० मध्ये पॅरिसजवळ एका कॉंकॉर्डला भीषण अपघात झाला आणि २००३ साली ही विमाने निवृत्त झाली. एकूण वीस विमाने बांधली गेली, त्यांतील चौदाच प्रवासी सेवेत आली. एवढा बुद्धिवैभवाचा खटाटोप मुख्यतः दोन गोष्टींपायी अडला. एक इंधन आणि दुसरी खालच्या माणसाचा कान.

दिंड्यांमधले अंतर

मग उपाय काय? गर्जना नाहीशी करता येत नाही, पण तिचा आकार बदलता येतो, हा विचार १९६० च्या दशकातच पुढे आला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात रिचर्ड सीबॅस आणि आल्बर्ट जॉर्ज यांनी त्याला गणिताचा पक्का आधार दिला.

हा विचार मला आपल्या पालखीच्या उदाहरणाने समजला, तो तसाच सांगतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा तिच्यामागे-पुढे शेकडो दिंड्या असतात. प्रत्येक दिंडी आपला क्रमांक सांभाळते, दोन दिंड्यांत अंतर राखते आणि लाखो माणसे अरुंद रस्त्याने सुखरूप पुढे जातात. याच दिंड्या मागची पुढचीला रेटू लागली आणि साऱ्या एकाच वेळी वेशीत शिरल्या, तर चेंगराचेंगरी होईल. माणसे तितकीच, फरक अंतराचा. विमानाच्या अंगावरून निघणारे आघात तरंगही असेच आहेत. ते वाटेत एकमेकांवर साचले की जमिनीवर एकच धडाका होतो. विमानाचा आकार असा घडवला की प्रत्येक तरंग आपले अंतर राखून खाली येईल, तर जमिनीवर दाब हळूहळू चढतो व हळूहळू उतरतो. मग धडाक्याऐवजी ऐकू येते ती दबकी थाप. माझ्या काकांच्या भाषेत सांगायचे तर टाळाचा खणखणाट जाऊन दूरच्या मृदंगाचा ठेका उरतो.

कागदावरील हे गणित हवेत खरे ठरायला तीन दशके लागली. २७ ऑगस्ट २००३ रोजी एफ-५ जातीच्या एका लढाऊ विमानाचे नाक नव्या आकाराचे करून ते उडवण्यात आले. त्याच्या पाठोपाठ त्याच जातीचे मूळ आकाराचे विमान गेले. जमिनीवरील यंत्रांनी दोन्ही तरंग टिपले. पहिल्याच्या तरंगाचा माथा बोथट झालेला स्पष्ट दिसला.

त्यानंतरचे मोठे पाऊल म्हणजे अमेरिकेच्या नासा या संस्थेचे एक्स-५९ हे प्रायोगिक विमान. २०१८ साली लॉकहीड मार्टिन कंपनीला त्याचे काम मिळाले, १२ जानेवारी २०२४ रोजी ते प्रथम लोकांना दाखवण्यात आले आणि २८ ऑक्टोबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेल येथून त्याने पहिले उड्डाण केले. ते पहिले उड्डाण अर्थातच सावध, आवाजाच्या वेगापेक्षा पुष्कळ कमी वेगाचे होते. विमानाची लांबी सुमारे ३० मीटर, पंखांचा विस्तार अवघा ९ मीटर. लांबीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग म्हणजे नुसते सुईसारखे नाक. इंजिन पोटाखाली न ठेवता पाठीवर बसवले आहे, जेणेकरून त्याच्या तोंडाशी उठणारे तरंग वर जावेत आणि पोटाची बाजू शक्य तितकी सपाट राहावी. नाक इतके लांब की वैमानिकाला समोर काच ठेवून उपयोग नाही. म्हणून समोरची खिडकीच काढून टाकली आहे. तो कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य पडद्यावर पाहून विमान चालवतो.

कारखान्यात काम करणाऱ्यांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. नव्या कल्पनेच्या या विमानाला चाके मात्र एफ-१६ या जुन्या विमानाची आहेत आणि वैमानिकाच्या डोक्यावरील छत टी-३८ या प्रशिक्षण विमानाचे. जेथे नवे लागते तेथेच नवे करावे, बाकी ठिकाणी सिद्ध झालेला भाग वापरावा, हा कुशल कारागिराचा नियम तेथेही पाळला गेला.

उद्दिष्ट असे की, ५५ हजार फूट उंचीवर माख १.४ म्हणजे ताशी सुमारे १,४९० किलोमीटर वेगाने जाताना खाली ७५ डेसिबल एवढाच जाणवणारा आवाज पोहोचावा. याच मापाने कॉंकॉर्डचा आवाज १०५ होता. दर दहा डेसिबलला कानाला जाणवणारा आवाज साधारण निम्मा होतो, तेव्हा तीसचा फरक म्हणजे सुमारे आठवा हिस्सा. हे माप आघाताच्या आवाजासाठी खास ठरवलेले आहे. कारखान्यातील किंवा रस्त्यावरील डेसिबलशी त्याची सरळ तुलना करू नये.

दुसराही एक मार्ग आहे. उन्हाळ्यात नाशिक रस्त्यावर दूर पाणी चमकल्यासारखे दिसते. तापलेल्या डांबरालगतच्या गरम हवेमुळे प्रकाशकिरण वर वळतात, त्याचे हे मृगजळ. आवाजही गरम हवेत अधिक वेगाने जातो आणि वरच्या थंड हवेतून खालच्या उबदार हवेत येताना वर वळतो. विमान माख १ च्या किंचितच पुढे ठेवले व उंची नीट निवडली, तर त्याची गर्जना जमिनीला न टेकता मधूनच परत फिरते. बूम सुपरसॉनिक या अमेरिकन कंपनीच्या एक्सबी-१ या लहान विमानाने २८ जानेवारी २०२५ रोजी सुमारे माख १.१२ वेग गाठला आणि खाली गर्जना ऐकू आली नाही. यात वेगाला मर्यादा पडते आणि त्या दिवशीच्या हवामानावर विसंबावे लागते, ही या मार्गाची उणीव.

चाकणचे नाते

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. एक्स-५९ च्या पाठीवर बसलेले एकमेव इंजिन जनरल इलेक्ट्रिकने बनवलेले एफ-४१४ जातीचे आहे. याच जातीचे इंजिन आपल्या तेजस विमानाच्या पुढील आवृत्तीसाठी निवडलेले आहे. ते चाकणला बनत नाही, हे स्पष्ट सांगतो. परंतु त्याच कंपनीच्या चाकण येथील कारखान्याचे उद्घाटन १४ फेब्रुवारी २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि तेथे प्रवासी विमानांच्या जेट इंजिनांचे सुटे भाग तयार होतात. आयटीआयमधून बाहेर पडलेला आपल्याकडचा मुलगा किंवा मुलगी आज अशा भागाला केसाच्या जाडीहूनही कमी चुकीच्या मर्यादेत आकार देते. आकाराची काटेकोर शिस्त हीच नव्या विमानाची गुरुकिल्ली आहे आणि ती शिस्त या मातीला अपरिचित राहिलेली नाही.

याहून जवळचे नाते आवाजाचेच आहे. एक्स-५९ ची गर्जना कशी ऐकू येईल हे सांगताना नासाचे शास्त्रज्ञ काही अंतरावर मोटारीचे दार लावल्याची उपमा देतात. मोटारीचे दार! हे तर आपले घरचे उदाहरण. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे की, दार लावताना येणारा आवाज आपोआप चांगला होत नाही. रबरी पट्टी, कडीची घडण, पत्र्याला आतून चिकटवलेला थर, यांनी तो घडवावा लागतो. ठण् असा पत्र्याचा आवाज येणारे दार आणि ठप् असा भरीव आवाज येणारे दार यांत पोलाद तितकेच असते, फरक तरंगाच्या आकाराचा असतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांचा आवाज व कंपने मोजण्याचे आणि कमी करण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आली आहे. आवाज ही नशिबाने आलेली गोष्ट नसून रचनेने बदलता येणारी गोष्ट आहे, हे ज्ञान या परिसरात आहे. ते आकाशातल्या प्रश्नालाही लागू पडते आणि शेजारच्या शेडमधल्या प्रश्नालाही.

पत्र्याखालच्या घराला विचारा

यापुढची गोष्ट यंत्राची नाही, कारभाराची आहे. नासाच्या कार्यक्रमातील विशेष गोष्ट अशी की, विमान सिद्ध झाल्यावर ते निरनिराळ्या गावांवरून नेऊन तेथील रहिवाशांना विचारायचे ठरले आहे की, तुम्हाला काय ऐकू आले आणि त्याचा त्रास झाला काय? याची तालीम नोव्हेंबर २०१८ मध्ये टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे झाली. एका लढाऊ विमानाने विशिष्ट रीतीने सूर मारून दबका आवाज केला आणि सुमारे ५०० स्वयंसेवक नागरिकांनी आपले अनुभव नोंदवले. ही उत्तरे नियम करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे जावयाची आहेत. ६ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९७३ ची बंदी काढून तिच्या जागी आवाजाच्या मर्यादेवर आधारलेला नियम आणण्याचा आदेश दिला. म्हणजे यापुढे वेग किती असे न विचारता खाली आवाज किती असे विचारले जाईल. हे तत्त्व रास्त आहे, मात्र ती मर्यादा कोणाच्या कानाने ठरणार, हे महत्त्वाचे आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे धोरणही असेच आहे की, स्वनातीत विमानांच्या गर्जनेने जनतेवर असह्य परिस्थिती ओढवू नये. उद्या अशी विमाने आखाती देशांतून पूर्वेकडे जाऊ लागली, तर १९७९ सालचा प्रश्न आपल्यापुढे पुन्हा येईल. मुंबईवरून चेन्नईकडे जाणारे विमान पुण्याच्या भागावरून जाते. ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या पट्ट्यात आपले मावळ, आपला खेड तालुका, आपली पंढरीची वाट येते. अमेरिकेतील लाकडी घरांत राहणाऱ्या कुटुंबाने 'चालेल' म्हटले, म्हणून चिखलीतील पत्र्याच्या खोलीत रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगारालाही ते चालेल, असे गृहीत धरता येणार नाही. खालच्या पट्टीचा दबका आवाज भिंतीतून आत शिरतो आणि पत्रा, तावदाने, भांडी यांना थरथर आणतो. आपल्या घरांवर, आपल्या हवामानात, मॉन्सूनच्या ढगांखाली याची वेगळी चाचणी झाली पाहिजे आणि तेथील माणसांना मराठीतून विचारले पाहिजे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयापुढे हा विषय येईल तेव्हा आपल्या लोकप्रतिनिधींनी, ग्रामपंचायतींनी व महापालिकेने तयार असावे.

फायदा किती, हेही पाहावे. मुंबई ते दिल्ली हे अंतर सुमारे बाराशे किलोमीटरचे. त्यात चढणे, उतरणे, विमानतळावर थांबणे यांतच बराच वेळ जातो. स्वनातीत वेगाने वाचेल तो थोडा. खरा लाभ लांबच्या पल्ल्याचा. इंधनाचा प्रश्नही उरतोच. कॉंकॉर्ड शंभर प्रवाशांसाठी ताशी सुमारे वीस टन इंधन जाळी. गर्जना दबली म्हणजे धूर दबला असे नव्हे. तरीही मी या संशोधनाचे स्वागत करतो, कारण यात पहिल्यांदाच विमानाचा आकार आतल्या प्रवाशापेक्षा खालच्या माणसाला अनुलक्षून ठरवला गेला आहे. यंत्रविद्येच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ व रात्री ७० आणि निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आपल्या पट्ट्यात कारखान्याची भिंत संपते तेथेच अनेकदा घराची भिंत सुरू होते. तेव्हा मर्यादा कोणती लावायची, हा प्रश्न रोजचा आहे. विमानासाठी जे तीन नियम शास्त्रज्ञांनी स्वीकारले तेच येथेही लावता येतील. पहिला, आवाज कानाशी अडवण्याआधी जेथे उठतो तेथेच कमी करावा. दुसरा, तो मोजावा व मोजलेले लपवू नये. तिसरा, जो सोसतो त्याला विचारावे. कानातील बोळे आवश्यक आहेतच, ते वापरण्यात कमीपणा नाही. तथापि बोळे हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. आपल्यातील तरुण अभियंत्यांनी हॅमरखालचा पाया, प्रेसचे आवरण, शेडचे छप्पर यांकडे एक्स-५९ च्या नाकाकडे पाहावे तितक्याच आदराने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

माझे काका आता नाहीत. शेवटच्या वर्षांत आम्ही त्यांच्याशी मोठ्याने बोलत असू आणि ते आमच्या ओठांकडे पाहून हसत असत. आषाढात पालखी आकुर्डीला आली की ते रस्त्याच्या कडेला उभे राहत. एकदा मी त्यांना विचारले, काका, काय ऐकू येते? त्यांनी पायाकडे बोट दाखवले. मृदंगाचा ठेका त्यांना जमिनीतून कळत होता.

आकाशातून जाणाऱ्या नव्या विमानाचा ठेकाही उद्या असाच आपल्याला जमिनीतून कळेल. तो किती असावा हे सांगण्याचा अधिकार खाली उभ्या असलेल्या माणसाचा आहे. तो अधिकार आपण जाणतेपणाने बजवावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!